बत्तीस ठिपक्यांची बाई

आमच्या घरात दमण्याचे नियम होते. उन्हात गेला तो दमला, सावलीत बसला त्यानं दमलो म्हणायचं नाही. माय जिनिंगला, म्हणजे रुई-सरकी वेगळी करायच्या कारखान्यात, जायची. कापसाच्या हंगामात सकाळी भाकरी बांधून निघायची, ती दिवेलागणीला परत यायची, आणि आल्या आल्या दारातच पाय पसरून भिंतीला टेकायची. तिच्या पापण्यांवर, भुवयांवर, पदराच्या काठात रुईचे पांढरे धागे अडकलेले असायचे. त्याच सुमारास मी घनसावंगीहून काळ्यापिवळ्या जीपमधनं उतरायची. चौघींच्या जागेत सात जणी बसून आलेली, पाठ आखडलेली, डोळ्यांत मिरची गेल्यासारखी आग. मी ओट्यावर आडवी झाले की माय खरोखर नवल वाटून विचारायची, "बसून काय दमतीस गं संगू?" तो टोमणा नव्हता. तिला कळतच नव्हतं. आणि मला सांगता येत नव्हतं. दिवसभर एका चित्रातल्या बत्तीस गुणिले बत्तीस ठिपक्यांकडं बघून माणूस कसा दमतो, हे मला आजही नीट सांगता येईल असं वाटत नाही. डोळ्यांचे डॉक्टर मात्र बरोबर ओळखतात. थेंब लिहून देतात आणि विचारतात, तरुणपणी बारीक काम करत होता का?

मी आमच्या वस्तीतली पहिली पदवीधर. बी.ए., दुसरा वर्ग. हे कुणी विचारलं नाही तरी मी सांगते, आणि पंचेचाळिशी ओलांडली तरी ते सांगायची मला लाज वाटत नाही. वडील मी नववीत असताना आजारानं गेले. त्यानंतर घरात मी आणि माय, दोघीच. पत्र्याच्या दोन खोल्या, वाऱ्यानं पत्रा वाजायचा, चुलीवर येसराची आमटी रटरटायची आणि माय परातीत भाकरी थापायची, तो थपथप आवाज ऐकत मी झोपायची आणि त्याच आवाजानं उठायची. मधली रात्र कुठं गेली ते कळायचं नाही. अंबाडीची भाजी असली की भाकरी जास्त लागायची, म्हणून माय अंबाडी पगाराच्या आठवड्यातच करायची. माझी पदवी आली तेव्हा तिनं वस्तीत गूळ वाटला. पदवीचा कागद तिनं स्वतः हातात घेऊन पाहिला, उलटा धरला होता, मी सरळ करून दिला नाही. तिला तसाच बघू दिला.

पदवीनं नोकरी लागली ती काळे सरांच्या कॉम्प्युटर सेंटरमध्ये. खाली खताचं दुकान, वर सेंटर. युरियाचा वास जिन्यानं वर यायचा आणि कपड्यांत बसायचा. सर जालन्याचे, स्वभावानं चांगले, पण बोलताना समोरच्याला मध्येच थांबवायची सवय. कुंभार पिंपळगावच्या अलीकडं एक जिनिंग होती, माय तिथंच जायची. त्या जिनिंगच्या शेठजींनी सरांना एक काम दिलं होतं. शेठजींचं घराणं राजस्थानकडचं, पण पिढ्यान्‌पिढ्या इकडंच, मराठी आमच्यासारखीच बोलायचे, मध्ये मध्ये हिंदी यायची तेवढीच. त्यांना गेटवर हजेरीची पेटी बसवायची होती. पेटीला काच, काचेवर चित्रं. मुकादम नाव पुकारणार, जिचं नाव तिनं पुढं होऊन चित्रावर बोट टेकवायचं. लिहिता-वाचता येत नसलं तरी चालेल, ही त्यातली मोठी गोष्ट. आधी दोन चित्रं येणार, बाई आणि हमाल. बाईवर बोट ठेवलं की झाडू, पाटी, सरकीचं पोतं अशी बायांच्या कामांची चित्रं उघडणार. हमालावर ठेवलं की रुईची बांधलेली गठाण, ट्रक, वजनकाटा. अशी शंभरावर चित्रं होती, आणि ती रंगवायची माझ्याकडं होती.

चित्रं कुणीतरी पेन्सिलीनं काढलेली असायची. ती स्कॅन करून लहान केली की रेघा मोडायच्या, उंदरानं कुरतडल्यासारख्या. मग चित्र पडद्यावर एवढं मोठं करायचं, की एकेक ठिपका फरशीएवढा दिसेल. आणि फरश्या बसवाव्यात तसे ठिपके बसवायचे. लेअर काय असतो ते सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "काचेवर काच ठेवलीये असं समज." सगळ्यात वरच्या काचेवर काळी रेघ, तिच्याखाली लुगड्याचा रंग, त्याखाली हातातोंडाचा, तळाला सावली. प्रत्येक काचेपुढं एक बारीक डोळा काढलेला. तो दाबला की ती काच दिसेनाशी व्हायची, परत दाबला की दिसायची. चुकलं तर तेवढी एकच काच पुसायची, बाकी चित्र शाबूत. मला हे फार नवीन होतं. आमच्या घरी चुकलेली भाकरीसुद्धा खावीच लागायची.

झाडू, पाटी, ट्रक सगळं रंगवून झालं, आणि मी अडले ती बाईपाशी. तोंडाला मिळून पाच ठिपके. पाच ठिपक्यांत नाक, डोळे काय काढणार? डोक्यावरचा पदर काढला तर तो फेट्यासारखा दिसायचा. जिनिंगचा मुकादम भाऊराव एकदा शेठजींचा निरोप घेऊन आल्ता, तो पडद्याकडं बघून म्हणाला, "ह्यो तर माझाच फोटू काढलाय की ताई!" सर खो खो हसले. मी दोन दिवस त्या बाईवर घालवले. लुगडं हिरवं केलं, पिवळं केलं, तरी फेटेवाला काही हटेना. तिसऱ्या दिवशी, जेवणाचा डबा उघडता उघडता, मी नवीन लेअर घेतला आणि पाच ठिपक्यांच्या वर मधोमध एक लाल ठिपका ठेवला. फक्त एक. आणि ती बाई झाली. एकदम, बघता बघता. सरांनी टेबलावर थाप मारली, "एका पिक्सेलमध्ये बाई उभी केलीस!" ते वाक्य मी आठ दिवस चघळलं. जीपमध्ये, विहिरीवर, झोपताना. मायलाही सांगितलं. ती चुलीत काड्या सारत होती, म्हणाली, "बरं झालं माय." तिनं चित्र पाहिलेलंच नव्हतं.

तिनं ते पाहिलं पेटी बसवली त्या दिवशी. गेटजवळ शेड होतं, तिथं पेटी उभी केली, रुई बसू नये म्हणून वरनं प्लॅस्टिक. शेठजींनी नारळ फोडला. मी सरांच्या शेजारी उभी होते, कॉलेजच्या निरोप समारंभाला घेतलेला ड्रेस घालून. बायांची रांग लागली होती. शेठजींना कुणीतरी सांगितलं, की चित्रं करणाऱ्या पोरीची आई आपल्याकडंच कामाला आहे. ते खूश झाले. "अरे वा! मग पहला नंबर त्यांचाच. मुकादम, पुकारा." भाऊरावनं पुकारलं, "गयाबाई!"

माय पुढं झाली. बोट पदराला पुसलं. काचेकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं, मग परत काचेकडं. मला वाटलं बावरली. मी म्हणाले, "दाब की माय, घाबरू नको." तिनं बोट उचललं, बाईपर्यंत नेलं, तिथं हवेतच थांबवलं, आणि शेजारच्या हमालावर टेकवलं. पेटी टिंग वाजली. काचेवर गठाण, ट्रक, वजनकाटा.

"गयाबाई, मिशा कवा फुटल्या वो?" भाऊराव म्हणाला. अख्खी रांग हसली, हमाल हसले, शेठजीही तोंडावर रुमाल धरून हसले. सर हसले नाहीत, ते माझ्याकडं बघत होते. पुढं कडूबाईचं नाव निघालं. कडूबाई आमच्याच वस्तीतली, मायची कामावरची जोडीदारीण. तिनंही सरळ हमाल दाबला. आता हसू कमी झालं. मधल्या दोघी-तिघींनी बाई दाबली, बराबर दाबली, आणि त्यांच्या मागची परत हमालावर गेली. शेवटी पेटीत बाया निम्म्या आणि हमाल दुप्पट अशी हजेरी लागली. शेठजींचा चेहरा उतरला. भाऊरावला पेटी पहिल्यापासूनच नको होती, त्यानं संधी साधली. मोठ्यानं म्हणाला, "शेठजी, सोमवारपास्नं जिला बराबर दाबता येत न्हाई तिनं येऊच नये. बाया काय, ढिगानं मिळत्यात." शेठजी नाही म्हणाले नाहीत.

मला मायची लाज वाटली. हे लिहायला नको वाटतं, पण वाटली हे खरं आहे. चार लोकांत माझी बी.ए. मातीत गेली असं वाटलं, आणि तीही माझ्या आईच्या बोटानं. मी तिच्याकडं न बघता सरांच्या मोटरसायकलवर बसून निघून गेले.

घरी आले तेव्हा माय भाकरी थापत होती, रोजच्यासारखी. मी दप्तर आपटलं.

"तुला बाई अन् बाप्या कळत न्हाई का गं?"

"कळतंय की."

"मंग? हमाल काऊन दाबलास?"

"ती टिकलीवाली हाय." तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. "म्या कशी दाबू? तुझा बाप जाऊन किती वर्सं झाली?"

"अगं, चित्र हाय ते! टिकली फक्त बाई हाय असं कळावं म्हणून दिलीय."

"चित्र तुला. मला त्यो अंगठा हाय." ती शांतपणे बोलत होती, तेच मला सोसत नव्हतं. "राशनला अंगठा दिला, बँकेत दिला, तुझ्या शाळेच्या फारमावर दिला. जिथं दिला तिथं आधी इचारलं काय लिव्हलंय, अन् खरं असंल तरच दिला. आता नवरा जित्ता हाय म्हणून अंगठा देऊ व्हय, सगळ्या गावाम्होरं?"

"अन् हमाल म्हणून दिलास, ते खरं हाय?"

"वझं तर उचलतेच की. तेवढं तरी खरं हाय."

मी शिकलेली होते, गप्प बसणं मला येत नव्हतं. मी तिला वस्तीतल्या बुद्धविहारातली भाषणं ऐकवली. टिकली, कुंकू, बांगड्या या सगळ्या जुन्या बेड्या, नवरा असो-नसो बाईनं कपाळाचा विचारच करू नये, असं तिथं सांगतात, आणि तूच पुढं बसून टाळ्या वाजवतेस, असं म्हणाले. माय पहिल्यांदा हसली. "सांगणारे समदे बाप्ये. अन् त्यांच्या बायका म्होरच्या रांगंत टिकल्या लावून बसलेल्या." मग भाकरी उलटवून म्हणाली, "मला कुणाचं भ्याव न्हाई बाई. लावू वाटली तर उद्या लावीन, वस्तीतनं मिरवीन. पण ती म्या लावीन. दुसऱ्यानं लावून ठिवलेली मला चालायची न्हाई. भाकर खा, गार हुईल."

मी खाल्ली नाही. म्हणजे थोड्या वेळानं खाल्ली, पण तिच्यासमोर नाही.

दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं, टिकली काढायची आहे. सर म्हणाले, "तीन-चार बायांसाठी शेठजींनी पसंत केलेलं चित्र बदलायचं?" मी पहिल्यांदाच सरांना मध्ये थांबवलं. म्हणाले, "तीन-चार न्हाईत, सर. निम्म्या आहेत, तुम्ही मोजल्या न्हाईत. ज्यांचे नवरे कमावते आहेत त्या बाया रुई खायला जिनिंगला कशाला येतील?" सरांनी टेबलावर पेन वाजवला. मग म्हणाले, "ठीक आहे. टिकलीशिवाय बाई करून दाखव. पण बाई दिसली पाहिजे. रविवारपर्यंत. सोमवारी मला शेठजींना तोंड दाखवायचंय." रविवारपर्यंत जमलं नाही, तर माय आणि कडूबाईला गेटच्या बाहेर उभं राहावं लागणार होतं, हे सरांनी सांगायची गरज नव्हती.

टिकलीचा डोळा बंद करायला एक क्षण लागला. फेटेवाला परत आला. मग माझे तीन दिवस गेले, आणि त्या तीन दिवसांइतकी मी आयुष्यात क्वचित दमले असेन. नाकात नथ दिली, दोन ठिपके. लक्षात आलं, माय नथ घालत नाही. हिरव्या बांगड्या दिल्या, त्याही नाही. गळ्यात काळी पोत, ती तर नाहीच. वेणी दिली तर शाळेतली पोरगी दिसायची. लुगडं पांढरं केलं तर सगळ्याच बाया रांडवा झाल्या, मग सवाष्णी कशा दाबतील? बाईच्या अंगावरची जी जी वस्तू मी रंगवायला घ्यायची, ती नवऱ्याच्या नावावर निघायची. बी.ए.ला समाजशास्त्र घेतलेलं असून हे मला बत्तीस ठिपक्यांवर कळावं! आता माझ्या फोनवर चित्रंच चित्रं असतात, हॉटेलांत दारावर झगा घातलेली बाई असते. आमच्यातल्या कुणी जन्मात झगा घातलेला नाही, तरी सगळ्या बरोबर दारानं आत जातात. त्या चित्रांमागं कुणीतरी माझ्यासारखीच बसली असेल, असं वाटतं, आणि डोळे चुरचुरतात.

शनिवारी संध्याकाळी मी हार मानून मायला विचारलं. आम्ही तीन दिवस कामापुरतंच बोलत होतो. ती दारात बसून पायाला तेल चोळत होती.

"माय, लांबून कुणी येत असलं, तोंड दिसत न्हाई, लुगडं-धोतर कळत न्हाई, तर बाई हाय का बाप्या, कसं वळखतीस?"

ती विचारातसुद्धा पडली नाही. "वझ्यावरनं."

"म्हंजे?"

"खांद्यावर असलं का बाप्या, डोक्यावर असलं का बाई. रांडव असू का सवाष्ण. डोक्यावरच असतंय."

जीपच्या खिडकीतनं रोज येता-जाता हेच बघत होते मी. सरपण, घागरी, वैरण, कापूस. बघत होते आणि दिसत नव्हतं.

रविवारी सेंटर बंद असायचं, सरांनी किल्ली दिली होती. मायला बरोबर घेतलं, घनसावंगीत तिची थोडी खरेदीही होती. मी नवीन लेअर घेऊन कापसाचं गठुडं केलं. पांढरे ठिपके, खाली करड्याची एक ओळ, वर गाठीचे दोन ठिपके. ते बाईच्या डोक्यावर ठेवलं, एक हात वर उचलून गठुड्याला लावला. हमालाच्या पाठीवरचं पोतं खांद्यावर सरकवलं. आणि चित्र लहान केलं. फेटेवाला गेला होता. दुरून पाहिलं, जिन्यातनं पाहिलं, डोळे बारीक करून पाहिलं, बाईच होती.

सोमवारचं आत्ताच सांगून टाकते, कारण त्यात सांगण्यासारखं फार काही नाही. माय, कडूबाई, त्यांच्या मागच्या सगळ्या, कुणी थांबलं नाही, कुणी हसलं नाही, पेटी टिंग टिंग वाजत राहिली आणि रांग आत गेली. टिकलीवाल्यांनीही तेच चित्र दाबलं, त्यांना काही वेगळं वाटलं नाही. भाऊराव नावं पुकारत होता. शेठजी मान डोलावून ऑफिसात गेले. त्या हंगामात कुणाची हजेरी चुकली नाही, पुढल्या हंगामात पेटीत रुई जाऊन ती बंद पडली, आणि भाऊरावनं परत वही काढली.

पण मला आठवतो तो रविवार. माय प्लॅस्टिकच्या खुर्चीत अवघडून बसलेली, पिशवी मांडीवर, खालून युरियाचा वास. मी चित्र पडद्यावर मोठं केलं, तेव्हा ती पुढं वाकली आणि बराच वेळ बघत राहिली. कपाळाच्या जागेकडं आधी बघितलं असावं. तिथं काही नव्हतं, नुसता कातडीचा रंग. मग म्हणाली, "हां. ही दाबीन म्या. हिच्यात काय खोटं न्हाई."

मला एवढं हलकं वाटलं की मी पोरीसारखी वागले. म्हणाले, "माय, आता गंमत बघ." गठुड्याच्या लेअरचा डोळा दाबला. डोक्यावरचं गठुडं नाहीसं झालं. बाई तशीच उभी, रिकामी, एक हात वर. जणू कुणाला हाक मारत होती.

मायनं तिच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं हसेल.

"ठिव बाई परत," ती म्हणाली. "तशी गेली तर मुकादम आत घ्यायचा न्हाई तिला."

मी डोळा पुन्हा दाबला. गठुडं तिच्या डोक्यावर आलं.